ओल्यावर बसणारी इपॉक्सी पुटी: लोखंडी पाइलला उत्तम, बाकी ठिकाणी जपून

वादळानंतर बंदराचा धक्का तपासताना पाइलची, म्हणजे तो तोलणाऱ्या खांबांची, सर्वांत वाईट दशा दिसते ती भरतीच्या रेषेच्या थोडी वर. लाटांचं पाणी तिथे सतत उडतं, त्यामुळे मीठ, ओल आणि हवा एकत्र येतात. दोन डब्यांत येणारी ही पुटी खास याच पट्ट्यासाठी आहे. लोखंडी पाइलवर ती घट्ट धरते, लाटेने सहसा निघत नाही. पूर्ण गुण तिथेच.

दोन्ही भागांचे रंग मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. रंगाची एकही रेघ उरणार नाही इतकं मळायचं. एका वेळी मुठीएवढाच गोळा करावा. मोठा गोळा आपल्याच उष्णतेने हातातच आवळतो. हातमोजे ओले ठेवले तर पुटी चिकटत नाही. पाइलवर ती एका कडेने दाबत पुढे न्यायची, म्हणजे खालचं पाणी बाहेर पडतं. मधोमध थापली की पाणी अडकतं आणि पोपडा तिथूनच सुटतो. सफाई आणि लेपन एकाच ओहोटीत उरकावं. आज बार्नेकल (पाइलला चिकटणारे कवचधारी जीव) खरवडून उद्या पुटी लावली तर मधल्या वेळात गंज आणि चिकट थर पुन्हा धरलेला असतो. मग दोष पुटीला मिळतो. थंड पाण्यात ती फार सावकाश सुकते, तेव्हा वरून पट्टी गुंडाळायलाच हवी.

काँक्रीटच्या पाइलला मात्र नुसता लेप पुरत नाही. फुटलेल्या भागातली सळई मोकळी करून तिच्यामागचंही 20 ते 25 मिमी काँक्रीट काढावं लागतं, कडा सरळ कापाव्या लागतात. एवढं करूनही शेजारच्या काँक्रीटमध्ये मुरलेलं मीठ तसंच राहतं आणि ठिगळाच्या कडेला नवा गंज सुरू होतो. त्यासाठी सळईला जस्ताचा अॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, बांधतात. तो इपॉक्सीत पुरला तर वायाच जातो, कारण इपॉक्सीतून विद्युतप्रवाह जात नाही. तिथे सिमेंटचा मॉर्टरच हवा. झीज मोठी असेल तर फायबरग्लासचं जॅकेट चढवून ग्राउट (पोकळीत भरायचा पातळ मसाला) तळातून वर पंप करावा. जॅकेटचा सांधा आणि तळ बंद करायला हीच पुटी झकास.

दीपगृहाच्या चुन्यातल्या दगडी बांधकामात हिने दर्जा (दगडांमधले सांधे) भरू नयेत. आतली ओल सांध्यातून निघायची थांबते, दगडातून वाट काढते, मिठाचे स्फटिक होतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. तिथे हायड्रॉलिक चुनाच (ओलाव्यातही घट्ट होणारा चुना) वापरावा. दगडात रोवलेल्या लोखंडी कठड्याच्या बुडालाही वरून पुटी फासतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आत फुगत राहतो, आणि दगड तडकेपर्यंत वरून काहीच दिसत नाही.