लिनक्स शिकायचंय: ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन?

मी दोन्ही वापरलंय. आधी साधारण दीड वर्ष विंडोजशेजारी ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम, चालू करताना एक निवडायची), आणि तेव्हापासून आजतागायत व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत खिडकीत व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उबुंटू हे लिनक्स. पुढचं सगळं त्या वापरातून आलंय, घड्याळ लावून काही मोजलेलं नाही. आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) कुठून घ्यायची, पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) कसं पाडायचं हे तुम्हाला येतच असेल. अडलंय ते फक्त कुठली वाट धरायची यावर, असं समजून लिहितो.

ड्युअल बूटच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. सगळी रॅम, सगळे कोअर, खरं ग्राफिक्स कार्ड एकट्या लिनक्सला मिळतं, आणि ते हाताला जाणवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खऱ्या हार्डवेअरशी गाठ पडते. व्हीएममधल्या गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या लिनक्सला, तुमचं वायफाय कार्ड दिसतच नाही. त्याच्या लेखी मशीनला वायरनं जोडलेलं एक साधं नेटवर्क कार्ड असतं. त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर बसतो का, लॅपटॉप स्लीपमधून नीट उठतो का, बॅटरी किती पुरते, हे व्हीएममध्ये कधीच कळणार नाही. उद्या विंडोज काढून फक्त लिनक्सवरच जायचा विचार असेल, किंवा मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड पिळून घ्यायचं असेल, तर ड्युअल बूटच घ्या. तिथे मी वाद घालणार नाही.

त्याच्या किरकोळ कटकटी सगळ्यांना ठाऊक आहेत. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवतं आणि लिनक्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणून इकडून तिकडे गेलं की वेळ चुकलेली दिसते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) चालू राहिलं, तर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. पण या दोन्हींवर उपाय आहेत, एकदा केले की विसरून जाता येतं.

ज्यावर उपाय सापडला नाही, ती गोष्ट म्हणजे रीस्टार्ट. ऐकायला क्षुल्लक वाटेल. एक-दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं मीही सुरुवातीला म्हणायचो. पण त्या मिनिटांत काय काय मोडतं ते पाहा. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे आहेत, एक अर्धवट लिहिलेला अहवाल आहे, कुणाशी तरी बोलणं चालू आहे. मधेच एक शेल स्क्रिप्ट (लिनक्स कमांडची फाइल) चालवून बघावीशी वाटते. त्यासाठी हे सगळं बंद करायचं, ग्रबच्या, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूची वाट पाहायची, लिनक्समध्ये शिरायचं, आणि तिथे पोचल्यावर कळतं की हवी असलेली फाइल तिकडेच राहिली. परत जावं तर विंडोज अपडेट लावत बसलेलं.

याचा परिणाम माझ्यावर हळूहळू झाला. आधी रोज जायचो, मग शनिवार-रविवारी, मग महिन्यातून एकदा. जेव्हा केव्हा जायचो तेव्हा पॅकेजेसचे शेकडो अपडेट साचलेले असायचे, आणि तो सगळा वेळ त्यांतच जायचा. शिकायला म्हणून घातलेलं लिनक्स डिस्कवर नुसतं जागा अडवून बसलं होतं, याचं मला खरंच वाईट वाटायचं. भाषा जशी रोज कानावर पडल्याशिवाय येत नाही, तसंच टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, आहे. ते सतत हाताशी हवं.

व्हीएममुळे नेमकं तेच झालं. खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट' निवडतो, दुसऱ्या दिवशी काही सेकंदांत उघडतो, आणि टर्मिनलमध्ये अर्धवट टाइप केलेली कमांडसुद्धा जागच्या जागी असते. डावीकडे विंडोजमधलं दस्तऐवज, उजवीकडे उबुंटू.

दुसरा फायदा स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायच्या सोयीचा. बूट होताना कुठली पार्टिशन जोडायची हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये मी एकदा चुकीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) लिहिला होता. ड्युअल बूट असताना अशीच चूक निस्तरायला पेनड्राइव्हवरून बूट करून अख्खी संध्याकाळ गेली होती. इथे आदल्या स्नॅपशॉटवर गेलो आणि पुन्हा कामाला लागलो. मोडायची भीती गेली की माणूस जास्त धाडस करतो. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. मूळ डिस्कची फाइलच गेली, तर स्नॅपशॉट कामाचे राहत नाहीत.

व्हीएमचा जाच नाही असं नाही. सर्वांत आधी रॅम. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या विंडोज मशीनवर, ८ जीबी असेल तर ओढाताण होते. १६ जीबी असेल तर गेस्टला निर्धास्तपणे ४ ते ६ देता येतात. ग्नोम डेस्कटॉप व्हीएममध्ये मला जड वाटला, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घातल्यावर माउस मोकळा झाला. गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये घालायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) टाकल्यानंतरही विंडोजशी शेअर्ड फोल्डर 'परवानगी नाही' म्हणत राहिलं, तर आपला यूजर व्हीबॉक्सएसएफ या गटात घालायचा राहिलाय असं समजा. त्यानंतर एकदा लॉगआउट करावं लागतं. आणि सगळंच विलक्षण संथ वाटलं, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसत असेल तर विंडोजचं हायपर-व्ही (त्याची स्वतःची व्हीएम यंत्रणा) मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय.

डब्ल्यूएसएलबद्दल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) विचाराल, तर नुसत्या कमांड लाइनसाठी ते उत्तम आहे. पण बूट कसं होतं, ग्रब काय करतो, डिस्क कशी विभागतात, हे त्यात डोळ्यांसमोर घडत नाही. मला ते पाहायचं होतं.

तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून हट्ट धरत नाही. पण दिवसाचं मुख्य काम विंडोजवर असेल आणि लिनक्स त्याच्या सोबतीनं शिकायचं असेल, तर पार्टिशनला हात लावण्याआधी महिनाभर व्हीएम वापरून बघा. डिस्क २५ जीबीच्या खाली ठेवू नका, ४० दिलेली बरी. डायनॅमिक प्रकार निवडलात तर जागा लागेल तशीच वापरली जाते. मात्र आतल्या फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप परत मिळत नाही. आणि इन्स्टॉल संपून सगळे अपडेट झाले की, दुसरं काहीही करण्याआधी, गेस्ट बंद करून पहिला स्नॅपशॉट घ्या.