ट्रेडमार्क घ्यावा की जीआयमध्ये जावं?

सोलापुरात पूर्व भागात चादरींचा माग चालवणारा भाचा विचारत होता, "मामा, 'सिद्धेश्वर' नावाचा ट्रेडमार्क घेऊ, की जीआयमध्ये नाव नोंदवू?" जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक ठिकाणच्या खास मालाची कायदेशीर ओळख.

खर्चाचं सांगायचं तर लहान उद्योजकाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपयांना पडतो. सोलापुरी चादरीला जीआय आधीच मिळालेला आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं शुल्क किरकोळ. मुदत दोन्हीकडे १० वर्षं, पुढे नूतनीकरण.

खरा फरक मालकीत. ट्रेडमार्क एकट्याचा, विकताही येतो. जीआय सगळ्या विणकरांचा, तो विकता येत नाही. आणि संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं यात्रेचे सात नंदीध्वज (उंच काठ्या) पेलतात, तेव्हा ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धेश्वराच्या नावावर एकट्याचा हक्क कुणी सांगावा? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एकाची मक्तेदारी नाकारली. मला ते अगदी पटतं.

स्वतःची ओळख हवी असेल, तर चादरीच्या कोपऱ्यात विणतोस त्या आडनावाचा ट्रेडमार्क घे. 'सोलापुरी' म्हणून माल खपवायचा, नकली चादरींशी लढायचं, तर जीआय. दोन्ही एकत्रही चालतात. देवाचं नाव मात्र सोड.