म्हापशातला ब्लॅक होलचा डोम शो: जा, पण भिंतीला टेकून बसा

म्हापशात हॉलमध्ये तो फुगवलेला तारांगणाचा डोम लावलाय ना, त्यात दोन ब्लॅक होल एकमेकांत विलीन होतात तो शो भाच्याला घेऊन बघितला. तिकीट १५० रुपये, वसूल होतं. ५ पैकी साडेतीन स्टार.

चित्रं एक नंबर. दोन्ही काळे गोळे फिरत जवळ येतात तसे मागचे तारे वाकतात, ताणले जातात, आणि नीट बघितलं तर प्रत्येकाच्या कडेला दुसऱ्याची एक बारीक काळी कोर दिसते, कारण गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो आणि एकाची सावली दुसऱ्याच्या कडेलाही दिसते. हे कोणी मनाने रंगवलेलं नाही, आईन्स्टाईनची समीकरणं सुपरकॉम्प्युटरवर सोडवून काढलेलं आहे. २००५ पर्यंत हे गणित धड चालतच नव्हतं, मध्येच कोलमडायचं, मग फ्रान्स प्रिटोरियस या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा पूर्ण टक्कर चालवून दाखवली.

आता तक्रार. दोन्हींभोवती भगव्या रंगाची झगमगती कडी कशाला? आजूबाजूला गॅस नसेल तर उजेड कुठून येणार, नुसता काळोख आणि वाकलेले तारे, तेच जास्त भारी दिसलं असतं. आणि टक्करीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लाटा म्हणजे तळ्यात दगड टाकल्यासारखी हिरवी सपाट जाळी, खऱ्या लाटा तर सगळ्या दिशांना जातात आणि जागाच ताणतात-दाबतात. शेवटी मोठ्ठा धडाम् आवाज! सायबा, अवकाशात कसला धडाम्. २०१५ च्या सप्टेंबरात लायगोने (या लाटा पकडणारी अमेरिकेतली यंत्रं) पकडलेला अशाच एका टक्करीचा सिग्नल जेमतेम ०.२ सेकंदाचा, ३५ हर्ट्झवरून २५० पर्यंत चढत गेलेला, आवाजात बदलला की 'वूप्' असा ऐकू येतो. तोच ऐकवायचा ना! इथे टक्कर चार-पाच मिनिटं चालते पण स्लो मोशन आहे असं कोणी सांगत नाही.

कॉमेंट्री इंग्लिश, जरा घाईची. पण शो चालवणारा मुलगा चांगला, विचारलं की मराठीत सांगतो. त्या २०१५ वाल्या टक्करीत ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या वजनाची दोन मिळून ६२ चं एक झालं, मग ३ गेले कुठे, असं भाच्याने विचारलं तर म्हणाला तेच लाटांची ऊर्जा होऊन गेले, आणि १३० कोटी वर्षं प्रवास करून इथे पोचले तेव्हा लायगोच्या ४ किलोमीटरच्या नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या (अणूच्या आतला कण) शंभराव्या भागाहूनही कमी फरक पडला. हे शोमध्येच का नाही? हिंगोलीत तसलंच यंत्र, लायगो-इंडिया, होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, त्याचंही नाव नाही, मराठी पोरांना हे सांगायला नको?

मधोमध बसलात तर प्रोजेक्टर आडवा येतो आणि मान दुखते, भिंतीला टेकून बसा. एसी आहे पण ब्लोअरचा आवाज फार. लहान मुलं काळोखात रडतात, ५ वर्षांखालच्यांना नेऊ नका. आणि शुक्रवारी तर अजिबात जाऊ नका, बाजाराची गर्दी, पार्किंगच मिळत नाही.