थेट प्रश्न की जोडीतली निवड?

स्थलांतरितांपैकी कोणाला कायम राहू द्यावं, याबद्दल लोकांच्या मनात काय आहे हे जोखायची जुनी पद्धत म्हणजे सरळ विचारणं. अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था १९६५पासून विचारते: स्थलांतर वाढावं, कमी व्हावं की आहे तेवढंच राहावं? प्रश्न तोच राहिल्याने अनेक दशकांचा कल दिसतो, हे मोठंच मोल. पण 'कोण' हा भाग निसटतो. आणि धर्म पाहून ठरवता का, असं तोंडावर विचारलं की माणूस सावरूनच बोलतो.

दुसऱ्या पद्धतीत दोन काल्पनिक अर्जदार शेजारी शेजारी ठेवतात. एक डॉक्टर, भाषा मोडकीतोडकी. दुसरा सफाई कामगार, भाषा अस्खलित. देश, वय, येण्याचं कारण, सगळं चिठ्ठी टाकल्यासारखं बदलत राहतं. निवडा एकाला! अशा हजारो निवडींतून कोणत्या गुणाला किती वजन मिळालं ते वेगळं काढता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ युरोपीय देशांतल्या सुमारे १८,००० लोकांनी आश्रयार्थींबद्दल असा कौल दिला. कामाला लागू शकणारे, सुसंगत हकिकत सांगणारे, छळ सोसलेले पुढे आले. मुस्लिम अर्जदार ख्रिश्चनांच्या मागे पडले. हे थेट प्रश्नाला किती जणांनी कबूल केलं असतं?

स्वित्झर्लंडच्या काही गावांत पूर्वी नागरिकत्वाच्या अर्जांवर गुप्त मतदान होत असे. त्या खऱ्या निकालांशी ताडल्यावर जोडीची पद्धत बरीच जवळ आली. म्हणून 'कोण' हे जाणायचं असेल तर मी हीच घेईन. फक्त एक खुपतं: एकाला निवडायची सक्ती असते, तेव्हा दोघांनाही राहू द्या म्हणणारा त्या उत्तरात दिसतच नाही.