ब्राउनिंगची आठवण म्हणून एकच पिस्तूल : 1911 की हाय-पॉवर?

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे बेल्जियममधील हेर्स्ताल येथे शस्त्रांच्या कारखान्यातच निधन झाले, त्याला 26 नोव्हेंबर 2026 रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. या निमित्ताने अमेरिकेतील संग्राहकांत, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी हौशी मंडळींतही, एक प्रश्न हमखास निघतो. ज्या माणसाच्या नावावर 128 पेटंटे आहेत, त्याची आठवण म्हणून एकच वस्तू ठेवायची झाली तर कोणती ठेवावी? विंचेस्टर 1894 रायफल किंवा ऑटो-5 शॉटगन यांचे चाहते स्वतंत्र आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु पिस्तूलच घ्यायचे ठरले, तर गाडी बहुधा त्यांच्या 1911 आणि हाय-पॉवर या दोन पिस्तुलांपाशीच येऊन थांबते. भारतातील वाचकांसाठी ही चर्चा केवळ माहितीपुरती, कारण 1911चे .45 आणि हाय-पॉवरचे 9 मिमी ही दोन्ही तिथे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) ठरतात. मात्र भारतात परवान्यावर मिळणाऱ्या .32 पिस्तुलात जे काडतूस जाते, तेही मुळात ब्राउनिंग यांचेच, एवढे नाते तिथेही आहेच.

1911ची कीर्ती नव्याने सांगायला नको, तरी मार्च 1911 मधील चाचणी विसरता येत नाही. एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या, ते तापले की पाण्यात बुडवून थंड केले गेले, आणि ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्याच्या 29 तारखेला अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले आणि 1985 पर्यंत त्याची अधिकृत जागा टिकली. संग्राहकाला खरी गोडी आहे ती उत्पादकांच्या नावांत. दुसऱ्या महायुद्धात मूळ उत्पादक कोल्टच्या बरोबरीने टाइपरायटर बनवणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल आणि चक्क सिंगर यांनीही हे पिस्तूल बनवले. ज्या सिंगरच्या मशीनवर आपल्या घरोघरी झबली-टोपडी शिवली गेली, तिची पिस्तुले अवघी 500, त्यामुळे त्यांचा भाव आपल्यासारख्यांनी न विचारलेलाच बरा.

1911 घेणाऱ्याची डोकेदुखीही इथूनच सुरू होते. या सगळ्या कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांत बसावेत अशी अटच होती, आणि सैन्याच्या शस्त्रागारांनी दुरुस्तीच्या वेळी ती सवलत मनमुराद वापरली. त्यामुळे फ्रेम एकाची, स्लाइड (वरचा सरकता भाग) दुसऱ्याची, नळी तिसऱ्याची आणि वरचा मुलामा नंतरचा, असे नमुने बाजारात भरपूर दिसतात. ते चालवायला उत्तम असतात. ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकत घेताना मात्र जाणकाराचा डोळा सोबत असलेला बरा.

हाय-पॉवरची कुळकथा अधिक गुंतागुंतीची आहे. ब्राउनिंग यांनी 1923 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते मंजूर झाले 1927 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात. मूळ आराखड्यात बाहेरचा घोडाही नव्हता. पुढचे काम बेल्जियन रचनाकार दियुदोने सैव्ह यांनी केले, तेरा गोळ्यांचे दुपदरी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) त्यांचेच, आणि पिस्तूल पूर्णत्वाला गेले 1935 मध्ये. युद्धकाळात हेर्स्तालचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात, तर टोरोंटोमध्ये इंग्लिस कंपनी तेच पिस्तूल चीन, कॅनडा आणि ब्रिटनसाठी बनवत होती. दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल, हा योग विरळाच. भारतीय लष्करातील 9 मिमी 1ए हे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे पिस्तूलही हाय-पॉवरचीच प्रत आहे. हातात धरल्यावर हाय-पॉवर 1911पेक्षा सुखद वाटते, हे मला मोकळेपणाने मान्य करावे लागेल. मूठ भरते पण फुगत नाही, आणि नेम जणू आपोआप जुळतो.

असे असूनही माझा कौल तिकडे गेला नाही, आणि त्याला कारण एक लहानशी खिट्टी आहे. मॅगझिन आत नसेल तर चाप कामच करू नये, अशी योजना फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून हाय-पॉवरमध्ये आली. फ्रेंचांनी पुढे हे पिस्तूल घेतले नाही, योजना मात्र राहून गेली. चापामागची ही खिट्टी स्प्रिंगच्या जोराने मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर टेकलेली असते आणि चाप ओढताना त्यावरून घासत जाते, म्हणून ओढ किरकिरी लागते. शिवाय तिच्या दाबामुळे कळ दाबली तरी मॅगझिन मोकळेपणाने खाली पडत नाही, बोटांनी ओढून काढावे लागते. हेही चालवून घेता आले असते. परंतु शूटिंग रेंजवर शेवटी पिस्तूल रिकामे करून दाखवायचे आणि घोडा खाली घ्यायचा, अशी शिस्त असते. तिथे हाय-पॉवरमध्ये घोडा चापाने पाडायचा तर काढलेले मॅगझिन पुन्हा आत घालावे लागते. शस्त्र रिकामे असल्याची खात्री देण्याच्या नेमक्या क्षणी त्यात मॅगझिन सरकवणे माझ्या मनाला कधीच पटले नाही, आणि शेजारी उभा असलेला रेंज अधिकारीही त्या क्षणी डोळे बारीक करतो, असा माझा अनुभव आहे. खिट्टी काढून टाकता येते, अनेक जण काढतातही. पण मग संग्राहकाने ज्या मूळपणासाठी पैसे मोजले, तोच गेला. 1911मध्ये हा प्रश्नच नाही. त्याचा चाप सरळ मागे सरकतो आणि मधे कोणी येत नाही.

अर्थात याला केवळ माझी खोड म्हणता येईल. जुन्या हाय-पॉवरचा घोडा अंगठ्याखालची कातडी चिमटतो अशी तक्रार होते, तशी ती मूळ 1911बद्दलही होतीच. 1911ए1 या सुधारित आवृत्तीत मुठीमागचा काटा लांबवून ती दूर केली गेली. ज्यांच्या घरात कोणी लष्करात होते आणि कमरेला 9 मिमी लावत होते, त्यांनी बिनदिक्कत हाय-पॉवर घ्यावे, शक्यतो इंग्लिसचे, आणि खिट्टीला हात लावू नये. परंतु ब्राउनिंग यांची आठवण हाच हेतू असेल, तर जे काम त्यांनी स्वतः शेवटापर्यंत नेले, ते मला अधिक जवळचे वाटते. यूटा या त्यांच्या जन्मराज्यानेही 2011 मध्ये अधिकृत राज्यशस्त्र म्हणून 1911चीच निवड केली. सिंगरच्या मागे न लागता रेमिंग्टन रँडपासून सुरुवात करावी. युद्धकाळात सर्वाधिक नग त्यांनीच बनवले, त्यामुळे चार नमुने शेजारी ठेवून, शिक्के पडताळून निवडण्याची सवड मिळते.