कास्टिंगचा पुरवठादार निवडायला एएचपी: काही महिने वापरल्यानंतर

भोसरीतल्या आमच्या युनिटला पंपाच्या बॉडीची कास्टिंग्ज लागतात. ती येतात कोल्हापूर-बेळगावकडच्या फाउंड्र्यांतून. आजवरची पद्धत सोपी: कोटेशनं मागवा, घासाघीस करा, दर कमी त्याला पीओ (खरेदीची ऑर्डर). पुढे मशिनिंगला ब्लोहोल (ओतीव धातूतल्या हवेच्या पोकळ्या) निघाले की परचेस आणि क्वालिटी एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

या वेळच्या वार्षिक करारांपासून एएचपी (अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) वापरतोय. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत. सगळे निकष एकदम तोलायचे नाहीत. दोन-दोन घ्यायचे आणि विचारायचं, यातलं महत्त्वाचं कुठलं आणि किती? उत्तर १ ते ९ मध्ये. १ म्हणजे बरोबरी, ९ म्हणजे दुसरा जवळपास बिनमहत्त्वाचा. त्यातून प्रत्येक निकषाचं वजन निघतं. वेगळं सॉफ्टवेअर घेतलं नाही, एक्सेलवर भागतं.

मला सगळ्यात आवडली ती विसंगतीची तपासणी. अकाउंट्सवाल्यांनी भरलं: क्वालिटी डिलिव्हरीच्या ३ पट, डिलिव्हरी उधारीच्या ३ पट. म्हणजे क्वालिटी उधारीच्या ९ पट यायला हवी. तिथे त्यांनी लिहिलं २. या तीन निकषांपुरतं विसंगतीचं गुणोत्तर ०.२२ आलं, साटींच्या नियमानं ०.१० च्या आत हवं. का म्हणून विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली: ‘उधारी नव्वद दिवसांची मिळत असेल तर थोडं रिजेक्शन परवडतं हो.’ हे वाक्य आधीच्या एकाही मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं. एका आकड्यानं बोलायला लावलं.

आता कटकटी. ५ निकषांना १० तुलना होतात, ८ निकषांना २८. विसाव्या तुलनेला माणूस कंटाळून सगळीकडे ३ टाकतो आणि चहा मागवतो. आम्ही निकष पाचावर आणले.

दुसरी कटकट जास्त गंभीर. नवा पुरवठादार यादीत घातला की आधीच्या दोघांचा क्रमच उलटू शकतो, त्यांच्याबद्दलचं मत तेच असूनही. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच हे दाखवलं होतं. हरलेला विक्रेता भांडायला आला तर त्याला काय सांगणार? म्हणून वजनं तेवढी एएचपीतून घेतो आणि प्रत्येक निकषावरचे गुण सरळ ठरलेल्या पट्टीवर देतो: रिजेक्शन इतके टक्के तर इतके गुण. यादी लांबली तरी जुने गुण हलत नाहीत. टॉप्सिसही करून पाहिली, ह्वांग आणि यून यांची १९८१ ची: सर्वोत्तमाच्या किती जवळ आणि निकृष्टापासून किती लांब, यावर क्रम लावणारी पद्धत. पण तिथेही सर्वोत्तम-निकृष्ट यादीवरूनच ठरतं, त्यामुळे दुखणं तेच.

आणि चलाखी? ती होतेच. निकाल पाहून ‘डिलिव्हरीचं जरा वाढवू या का’ असं साहेब सुचवतात. त्यावर टेंडरवाल्यांची जुनी युक्ती चालते: वजनं आधी ठरवून सह्या घ्यायच्या, दराची पाकिटं नंतर फोडायची. हे केलं नाही तर बाकीचं गणित शोभेचं.

वर्षाचा करार, चार-पाच पुरवठादार, मतं वेगळी असलेली तीन-चार माणसं, एवढं असेल तर जरूर वापरा. कॉटन वेस्ट आणि ग्रीससाठी तक्ते मांडत बसू नका. दर बघा, पीओ काढा.