लातूर, नांदेड रोडचं गॅरेज: माझ्या इनोव्हाचा टायमिंग बेल्ट

माझी गाडी भाड्याची आहे. इनोव्हा २.५ डिझेल, २०१२ चं मॉडेल. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही नेहमीची भाडी, लग्नसराईत पुणे, आणि वर्षातून तीन-चार वेळा तिरुपती. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर १,३८,००० किलोमीटर होते. विकणारा म्हणला, "लाख किलोमीटरला टायमिंग बेल्ट बदललाय, आता डायरेक्ट दोन लाखाला बघा." हा बेल्ट म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. मीटरवरचा टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा, दिवा बंद होता, तेवढं बघून मी मान डोलावली. त्यानंतर त्रेपन्न हजार किलोमीटर मी त्या शब्दावर माणसं नेली-आणली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मे महिन्यात सकाळी गाडीखाली, इंजिनच्या पुढच्या बाजूला, ऑइलचे थेंब दिसायला लागले. आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी इंजिन धुऊन दिलं, पैसे घेतले, आठ दिवसांत थेंब परत. पुढच्या आठवड्यात औशाच्या एका कुटुंबाचं तिरुपतीचं भाडं होतं, त्यात दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं लेकरू. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, नांदेड रोडला उस्तादाकडं जा.

गॅरेज म्हणजे शहर संपत येतं तिथं कडुलिंबाखाली दोन शटर. बाहेर पाटी आहे पण उन्हानं अक्षरं उडालीत. उस्ताद साठीच्या आसपासचे, सोबत त्यांचा मुलगा आणि एक शिकाऊ पोरगा. मी थेंबांचं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न भलताच विचारला, "टायमिंगचा पट्टा कधी बदलला?"

"लाखाला."

"तुम्ही बघितला का बदलताना?"

नव्हता बघितला. बोनेट उघडून त्यांनी टॉर्च टायमिंग कव्हरवर धरला आणि कव्हरच्या एकेका बोल्टावरून बोट फिरवलं. मलाही जवळ बोलावून दाखवलं. बोल्टाच्या डोक्यावर पान्याचा ओरखडा नाही. बोल्ट आणि कव्हर यांच्या सांध्यात आपल्या काळ्या मातीची धूळ ऑइलमध्ये कालवून घट्ट बसलेली, सगळीकडं एकसारखी. "हे कव्हर कंपनीतून निघाल्यापासून कुणी खोललंच नाही, मालक." मी दिव्याचं बोललो, तर त्यांचं उत्तर माझ्या कायमचं लक्षात राहिलं, "बत्ती किलोमीटर गिनती मालक, पट्टा नै देखती."

ते खरं आहे. माझ्या मॉडेलमध्ये लाखाच्या टप्प्यावर टी-बेल्टचा दिवा लागतो, पण त्या दिव्याची कुठलीही वायर बेल्टाकडं जात नाही. तो फक्त अंतर मोजतो आणि ते मोजणं शून्यावर आणता येतं. कुणीतरी दिवा शून्यावर आणला आणि बेल्ट तसाच ठेवला. ज्यानं केलं त्याला त्याचे पैसे मिळाले असतील. माझ्या गाडीत मागं बसलेल्या माणसांचा जीव त्यानं हिशेबात धरला नाही, याचा राग मला आजही आहे.

इंजिन गरम होतं, म्हणून उस्तादांनी तेव्हा कव्हर उघडलं नाही. थंड व्हायला दीड-दोन तास गेले. मग बोल्ट काढून कव्हर बाजूला केलं आणि बेल्ट दिसला. पाठ आरशासारखी चकाकत होती. बोटानं जरा वाकवल्यावर दाताच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा उघडल्या, एका कडेनं दोरे सुटले होते आणि खालचा भाग ऑइलनं भिजून फुगल्यासारखा मऊ पडला होता. ऑइल येत होतं वरच्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून. वर्कशॉपनं बाहेरून पाणी मारलं, तेव्हा ते आतल्या बाजूनं रबर खात होतं. रबर आणि ऑइलचं वैर आहे, हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं.

या इंजिनाची रचना उस्तादांनी मला जुना बेल्ट हातात धरून समजावली. क्रँकपासून, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या खालच्या दांड्यापासून, खालचं काम गिअर करतात, आणि तिथून वर कॅमशाफ्टपर्यंत हा एक आखूड बेल्ट जातो. म्हणून क्रँकची पुली न काढताही काम होतं. पण बेल्ट तुटला तर कॅम जागेवर थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलण्याशिवाय इलाज नाही. आणि मला खर्चापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबेपर्यंतच हलका राहतो, मग पायानं जोर लावून दाबावा लागतो. येडशीच्या घाटात भरल्या गाडीनं हे झालं असतं तर?

सामान उस्ताद स्वतः विकत नाहीत. चिठ्ठी लिहून देतात, आपण आणायचं: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), आयडलर (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक), कॅमचा सील. नुसता बेल्ट बदलायला ते तयारच नव्हते. जुना आयडलर त्यांनी माझ्या कानाजवळ फिरवला, आतून किर्र आवाज आला. सील लातुरात मिळाला नाही, सोलापूरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर गाडी तिथंच उभी.

नवीन बेल्ट त्यांनी अगदी शेवटी पाकिटातून काढला. शिकाऊ पोरानं तो सहज पिळून बघितला तर उस्ताद त्याच्यावर खेकसले. पिळायचा नाही, उलटा करायचा नाही, ऑइलच्या हातानं धरायचा नाही, कारण आतले दोरे मोडले तर बाहेरून कळत नाही. सील बसवून पुली आणि आतली जागा कोरड्या फडक्यानं लख्ख पुसली. टेन्शनरचा दांडा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) धरून हळूहळू आत दाबला. किती हळू म्हणाल, तर माझा चहा संपला तेव्हा कुठं दांड्याचं आणि बाहेरच्या अंगाचं भोक जुळलं. मग त्या भोकात बारीकशी अॅलन की अडकवली. हा दांडा घाईनं दाबला तर टेन्शनर आतून जातो, असं ते म्हणाले. कॅमची खूण आणि खालची खूण जुळवून बेल्ट चढवला, टेन्शनर बसवून बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले आणि की ओढून काढली. दांडा बाहेर आला, बेल्ट ताणला गेला.

मग क्रँकच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवलं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळं सगळ्या खुणा परत जिथल्या तिथं यायला पाहिजेत. खाली बरोबर आली. वर कॅमची खूण किंचित पुढं होती. मला तर फरक दिसतही नव्हता. मुलगा म्हणला, "अब्बा, चलेगा." उस्ताद काही बोलले नाहीत. टेन्शनर काढला, परत व्हाइसमध्ये लावला, परत तेवढ्याच संथपणे दाबला. पाऊण तास गेला. दुसऱ्यांदा दोन फेरे फिरवल्यावर खूण खुणेवर बसली तेव्हा त्यांनी मला वाकून बघायला लावलं. एक दात इकडंतिकडं झाला तरी गाडी सुरू होते, पण ओढ जाते आणि धूर मारते, आणि गिऱ्हाइकाला कारण सापडत नाही. त्या पाऊण तासाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. यापुढंही हे काम मी त्यांच्याकडूनच करून घेईन असं मी त्या पाऊण तासात ठरवलं.

बिल झालं सामानाचे ८,९०० आणि मजुरी १,८०० रुपये. मजुरी मला रास्त वाटली.

अडचणीही सांगतो. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. ज्यांना कंपनीत हिशेब दाखवायचा असतो त्यांची पंचाईत होईल. बसायला एक बाकडं आहे, तेही दुपारी उन्हात येतं, बायका-लेकरं घेऊन जाऊ नका. फोन हातात पाना असताना उचलत नाहीत, म्हणजे दिवसभर उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी शटर बंद असतं. आणि घाई असेल तर तिथं जाऊच नका. "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर त्यांनी हात जोडून दुसरीकडं पाठवलं.

तिरुपतीचं भाडं वेळेत झालं. घाट चढताना आता गाडी हलकी वाटते, आणि सकाळी खालची जमीन कोरडी असते. तेव्हापासून साडेसहा हजार किलोमीटर झाले. मागच्या आठवड्यात मी सहज गेलो तर उस्तादांनी न विचारताच कव्हर काढून टॉर्च मारला, सीलखाली बोट फिरवून बघितलं आणि कव्हर लावून टाकलं, पैसे घेतले नाहीत. कव्हरवर त्यांनी पांढऱ्या रंगानं तारीख आणि १,९१,६४० हा आकडा लिहून ठेवलाय. जुना बेल्ट मी डिकीत ठेवलाय. सेकंडहँड इनोव्हा घ्यायची म्हणून कुणी विचारायला आलं की आधी तो बेल्ट त्याच्या हातात देतो आणि दाताच्या मुळाशी वाकवून बघायला सांगतो.